बोटीवरचा संसार उतरवताना : मे-जून २०२५च्या नोंदी

नोव्हेंबरपासून आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा, अपोलो बंदरासमोर मूरिंगला (समुद्रतळाशी पक्क्या केलेल्या दोराला) बांधलेल्या ३२ फुटी शिडाच्या बोटीवर राहिलो. शाळा, ऑफिस, बाजार, सगळं डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून. पावसाळ्यात तिथे राहणं शक्य नाही. बंदराचं तोंड दक्षिण-नैर्ऋत्येला उघडं आहे आणि जूनपासून वारा नेमका तिकडूनच येतो. त्यामुळे हंगाम संपताना दोन कामं असतात : घर उतरवायचं आणि बोट जमिनीवर घ्यायची. मी ही कामं वेगवेगळी समजत होते. ती एकच निघाली, आणि म्हणून या नोंदी ठेवल्या.

बोट फायबरग्लासची. डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची, इंजिन २० हॉर्सपॉवरचं डिझेल. कील, म्हणजे तळाखालचा उभा पंखा, खोल आणि अरुंद, रिकामी असताना पाण्याखाली १.५५ मीटर. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

४ मे, रविवार

तारीख ठरवायला बसलो. शहराच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका छोट्या गोदीत रुळांवरून ट्रॉली पाण्यात सोडतात, बोट तिच्यावर आणून बसवतात आणि विंचने (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) वर ओढतात. कोळी बांधवांच्या होड्यांचे तळ सपाट असतात, त्यांना दर उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) चालतं. आमच्या कीलला मोठं पाणी लागतं.

मुंबईला भरती-ओहोटीचा फरक मोठा असल्यामुळेच हे जमतं. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत पाणी कमी हलतं, उधाणात भरती चार मीटरच्या वर जाते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरतीच्या तक्त्यात अपोलो बंदराचे रोजचे आकडे असतात. मेमध्ये दोन उधाणं : १२ला बुद्धपौर्णिमा, २७ला अमावास्या. शाळेची सुट्टी, नवऱ्याची रजा आणि दादरच्या घरातले भाडेकरू निघण्याची तारीख, तिन्ही बघता पौर्णिमेचं उधाण सोयीचं होतं.

तक्त्यात मात्र पौर्णिमेच्या भरत्या चार मीटरच्या आगेमागे आणि अमावास्येच्या पावणेपाचच्या घरात. एवढा फरक का, हे बोटीची देखभाल बघणाऱ्या तांडेलमामांना विचारलं. ते म्हणाले, "बाय, पुनवेचं पाणी दर महिन्याला सारखं नसतं. चंद्र कधी जवळ, कधी लांब." या महिन्यात ११ तारखेला चंद्र पृथ्वीपासून सगळ्यात लांब आणि २६ला सगळ्यात जवळ. म्हणून पौर्णिमेचं उधाण ढिलं आणि अमावास्येचं जोरदार.

१३ तारखेला प्रयत्न करायचा, नाही जमलं तर अमावास्येला, असं ठरलं. मान्सून मुंबईत येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. मधे पंधरा दिवस मोकळे आहेत असं धरलं.

७ मे, बुधवार

काल संध्याकाळी धुळीचं वादळ आणि पाऊस. तासाभरात वारा कुठून कुठे गेला. उन्हासाठी कॉकपिटवर (मागच्या उघड्या बैठकीवर) बांधलेली चांदणी आयलेटपाशी (दोराच्या कडीपाशी) फाटली आणि तिचा मोकळा कोपरा रात्रभर स्टेवर (डोलकाठीच्या आधाराच्या तारेवर) आपटत राहिला. मूरिंगचा दोर पुढच्या फेअरलीडमध्ये (दोर ज्या खाचेतून जातो तिथे) घासला तिथे बाहेरचा वेढा तुटलाय. तिथे आता जुना आगीच्या बंबाचा पाइप चढवून नवीन दोर बांधला. त्या पाइपाचा हातभर तुकडा कोणत्याही बोटीवर असावा, प्लास्टिकची नळी उन्हाने वर्षभरात कडक होते आणि चिरते.

कालच्या प्रकारानंतर शिडं बोटीवर ठेवायची नाहीत हे ठरलं. रोलरवर गुंडाळलेलं पुढचं शीड वाऱ्याने सुटलं तर बोट मूरिंग उपटून न्यायला वेळ लागत नाही. आज सकाळी वारा पडला होता तेव्हा दोन्ही शिडं उतरवली.

आजच्या नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिलमुळे हार्बरमध्ये गस्त वाढली आहे. बोटीची कागदपत्रं, चौघांची ओळखपत्रं आणि मूरिंगची पावती एका जलरोधक पिशवीत घालून दाराशीच टांगली आहेत. मुलांना लाइफ जॅकेटशिवाय डिंगीत पाऊल टाकू द्यायचं नाही, हा नियम आमच्याकडे पहिल्या दिवसापासून होता. १८ डिसेंबरला याच पाण्यात घारापुरीच्या लाँचला अपघात झाला आणि माणसं गेली, त्यानंतर तो आम्हा मोठ्यांनाही लागू झाला.

१० मे, शनिवार

शिडं धुतली. दादरच्या सोसायटीच्या गच्चीवर, सेक्रेटरींची आधी परवानगी घेऊन. मिठाने भरलेलं शीड कितीही सुकवलं तरी पावसाळी हवेत परत ओलसर होतं, कारण मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि मग बुरशी धरते. म्हणून गोड्या पाण्याने धुणं टाळता येत नाही. साबण नाही, ब्रश नाही, फक्त पाणी. खळखळून सोडलेलं पाणी जिभेला लावून बघायचं. खारट लागेनासं झालं की पुरे.

वाळवायला मे महिन्याचं ऊन मिळालं, पण दुपारी बारा ते तीन शिडावर जुन्या चादरी टाकल्या. हे कापड पॉलिएस्टरचं, उन्हाने त्याची शिवण आधी मरते. मागच्या कडेची शिवण नखाने ओढली तर दोन ठिकाणी धागा तुटला, कापड मात्र शाबूत. ती जागा खडूने खूण करून ठेवली, पुन्हा शिवून घ्यायची.

११ मे, रविवार

सामान उतरवलं. वजनकाटा घेऊन गेलो होतो, आणि हे करा असं मी प्रत्येकाला सांगेन.

बोट पाण्यात जिथे बसते तिथलं तिचं क्षेत्रफळ साधारण १७ चौरस मीटर. म्हणजे बोटीत १७० किलो ठेवलं की ती एक सेंटिमीटर खाली बसते, काढलं की एक सेंटिमीटर वर येते. सहा महिन्यांच्या संसाराने बोट किती खाली गेली होती ते बाहेरच्या रंगाच्या रेषेवर दिसतच होतं : शेवाळाची हिरवी पट्टी रंगाच्या वर चार-पाच बोटं चढली होती.

पिण्याचं पाणी २०० किलो. नांगराची साखळी, १० मिलिमीटरची, ५० मीटर, म्हणजे ११५ किलो. कपडे आणि अंथरुणं ८०. पुस्तकं, वह्या, मुलाचे खेळ मिळून ६०. घरच्या वीजेच्या दोन बॅटऱ्या ५५. डाळ-तांदूळ-पीठ-तेल ४५. गाद्या ४०. आउटबोर्ड इंजिन, जादा नांगर, पाच किलोचे दोन गॅस सिलिंडर. शिडं आधीच गेली होती, त्यांचे ४५. सगळं मिळून ७०० किलो. म्हणजे चार सेंटिमीटर.

यातलं आज अर्धंच निघालं. बाकीचं "१३ला गोदीत गेल्यावर टेम्पोत टाकू" म्हणून ठेवलं. साखळी आणि भरलेली पाण्याची टाकी दोन्ही बोटीवरच राहिली, आणि दोन्ही पुढच्या टोकाला.

मुलीने केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला रोजच्या भरतीची उंची पेन्सिलने लिहून ठेवली आहे, नोव्हेंबरपासून. ते दार पुसायचं नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं आहे. मी त्याच्यावर वॉर्निशचा पातळ हात मारला.

१३ मे, मंगळवार

गेलो आणि परत आलो.

सकाळी भरतीच्या पाण्याबरोबर निघालो, नौदलाच्या गोदीपासून लांब राहून, बॅलार्ड पियर आणि भाऊचा धक्का डाव्या हाताला ठेवून उत्तरेकडे. तळाला इतकं काही चिकटलं होतं की एरवी साडेपाच नॉट (ताशी सागरी मैल) देणारं इंजिन साडेतीनच्या पुढे जाईना. गोदीसमोर पोहोचलो तेव्हा पाणी अजून चढत होतं. भर भरतीला ट्रॉलीवर बोट घेतली आणि कील ट्रॉलीच्या पुढच्या आडव्या तुळईला घासून थांबली. तांडेलमामांनी बांबूने मोजलं, वीतभर पाणी कमी. वीस मिनिटं थांबलो. पाणी थबकलं आणि उतरायला लागलं, तेव्हा सोडून दिलं. ओहोटीत तिथे अडकलो असतो तर बोट एका कुशीवर पडली असती.

वीतभर पाणी कुठे गेलं याचा हिशोब संध्याकाळी मांडला. उधाण ढिलं होतं हे एक. दुसरं, बोट पूर्ण रिकामी नव्हती, शिवाय साखळी आणि पाणी पुढे असल्यामुळे नाक खाली झुकलं होतं; म्हणून कीलची पुढची कड आधी टेकली. तिसरं कारण ओहोटीला दिसलं. रुळांच्या खालच्या टोकावर गाळ साचला होता आणि ट्रॉली शेवटपर्यंत उतरतच नव्हती. ती हातभर अलीकडे थांबली की उतारामुळे थोडी वर राहते.

विंचवाल्यांची आणि खलाशांची दिवसाची मजुरी द्यावी लागली, आणि ते बरोबरच आहे, त्यांचा दिवस गेला.

१५ मे, गुरुवार

गोदीवाल्यांशी बोललो. गाळ काढायची मजुरी निम्मी त्यांची, निम्मी आमची. संध्याकाळच्या ओहोटीला चार जणांनी घमेली आणि फावडी घेऊन रुळांची शेवटची दोन-तीन मीटर मोकळी केली. शिवडीपासून खालपर्यंत हा सगळा किनारा चिखलाचा, काढलेला गाळ दोन आठवड्यांत परत येतो. त्यामुळे तारीख ठरली की गाळ उधाणाच्या आदल्या आठवड्यात काढायचा, महिनाभर आधी काढून उपयोग नाही. ट्रॉलीची चाकं शेवटपर्यंत उतरली की नाही हे कळायला विंचच्या दोरावर लाल कापड बांधून खूण केली.

१८ मे, रविवार

इंजिनाचं तेल आणि दोन्ही फिल्टर बदलले. हे बोट बाहेर काढण्याआधी करायचं. वापरलेल्या तेलात आम्ल तयार झालेलं असतं आणि ते चार महिने बेअरिंगवर बसून राहता कामा नये. डिझेलची टाकी काठोकाठ भरली, आत हवा राहिली तर दमटपणाने पाणी सुटतं आणि त्या पाण्यात डिझेल खाणारे जंतू वाढतात. खालचा नळ उघडला तर चहाच्या कपाएवढं गढूळ पाणी निघालं.

टॉयलेटच्या पाइपांत गोडं पाणी आणि व्हिनेगर सोडून ठेवलं. खारं पाणी तसंच राहिलं तर त्यातले जीव मरतात आणि सडक्या अंड्यासारखा वास वर्षभर जात नाही.

२१ मे, बुधवार

काल रात्री विजांसह पाऊस. अरबी समुद्रात कोकणाच्या समोर कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय असं हवामान खात्याने सांगितलं आहे. मे महिन्यातल्या वळवाच्या सरी वेगळ्या, हे वेगळं.

आज आम्ही सगळे दादरला आलो. बोटीवर राहण्याचा आमचा हंगाम आज संपला, ठरवल्यापेक्षा आधी. मुलगा खूप रडला. त्याला निरोपाची एक रात्र हवी होती, चौघांनी डेकवर झोपायची, आणि ती मी देऊ शकले नाही, याचं मला वाईट वाटतं. पण दमलेली मुलं घेऊन अशा हवेत मूरिंगवर झोपायचं नाही, यावर नवऱ्याचं आणि माझं एकमत होतं.

उरलेलं सामान आजच काढलं. पाण्याची टाकी उपसली. साखळी पूर्ण उतरवली. गोदीपर्यंतच्या प्रवासापुरता हलका नांगर दोरावर ठेवला. इंजिन बंद पडलं तर नांगर हवाच, पण त्यासाठी ११५ किलो लोखंड नको. बोट वर आलेली डोळ्यांना दिसली, हिरवी पट्टी आता पाण्याच्या चांगली वर आहे आणि नाकही सरळ आहे.

२३ मे, शुक्रवार

अमावास्या २७ला. सगळ्यात मोठं पाणी २७-२८ला. गोदीवाले म्हणाले २७. मी तक्ता परत काढला. २५ला, रविवारी, सकाळी साडेदहाच्या पुढे साडेचार मीटरच्या आसपास. १३ तारखेपेक्षा अर्धा मीटर जास्त. आम्हाला वीतभर कमी पडलं होतं. गाळ निघाला आहे आणि बोट हलकी झाली आहे. म्हणजे २५चं पाणी पुरेसं आहे, २७ची वाट बघण्याचं कारण नाही.

आणि वाट बघितली आणि २७ला वारा असला तर? पुढचं उधाण वटपौर्णिमेच्या सुमाराला, चंद्र पुन्हा लांब, म्हणजे पाणी पुन्हा ढिलं. त्याच्या पुढची अमावास्या २५ जून, ऐन पावसात. म्हणजे हाच एक आठवडा हातात आहे आणि त्यातला पहिला पुरेसा दिवस घ्यायचा.

तांडेलमामांचा हिशोब वेगळा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. रविवारी तेरस, तेराची पाऊणपट पावणेदहा. तक्ता साडेदहा म्हणतो. कोकणात हा ठोकताळा पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे आणि जाळी टाकायला तो पुरतो. कील ट्रॉलीवर बसवायला तक्ताच घ्या. पण आम्ही पावणेदहालाच गोदीसमोर हजर राहायचं ठरवलं, आणि त्याचा फायदा झाला.

२५ मे, रविवार

बोट वर आली.

ते कमी दाबाचं क्षेत्र काल रत्नागिरीजवळ किनारा ओलांडून गेलं. आज आभाळ भरलेलं, वारा मध्यम, मधे सरी. पहाटे निघालो, बोटीवर मी, नवरा आणि तांडेलमामा, मुलं आजीबरोबर गोदीत. तासभर आधी पोहोचल्यामुळे ट्रॉली पाण्यात जाताना बघता आली : लाल कापड खुणेच्या पुढे गेलं, म्हणजे चाकं तळाला लागली. साडेदहाच्या आधीच बोट ट्रॉलीवर आली आणि कील कशालाही न घासता मधोमध बसली. भरती पूर्ण व्हायच्या आत काम झालं, म्हणजे काही चुकलं असतं तर पाणी अजून चढणार होतं. चढत्या पाण्यात बसवा, भर भरतीची वाट बघू नका. १३ला आमच्याकडे ही सवडच नव्हती.

विंचने ओढताना बाजूंना चार दोर, प्रत्येकावर एक माणूस. डोलकाठी उभी असताना बोटीचा तोल उतारावर सहज जातो. अर्ध्यावर एकदा थांबवून टेकू तपासले. टेकू पोकळ भागावर येऊ देऊ नका, आत जिथे आडवी भिंत आहे तिथेच यायला हवेत. त्या जागा मी बाहेरून टेपने खुणावल्या होत्या.

त्याच दुपारी तळ धुतला. हे दुसऱ्या दिवसावर टाकता येत नाही. बार्नॅकल आणि कालवं ओली असतात तोवर रुंद पत्र्याने खरवडली की पडतात, एकदा सुकली की त्यांचं बूड दगडासारखं होतं आणि काढताना फायबरचा वरचा थरच उपटून येतो. प्रोपेलरवर तर पातं दिसत नव्हतं. साडेतीन नॉटचं कारण तिथे होतं.

इंजिनातलं खारं पाणीही आजच काढायचं होतं. गोदीच्या नळाला धार नव्हती. २०० लिटरचा ड्रम विकत भरून घेतला, गाळणीच्या तोंडातून बादलीने पाणी देत इंजिन दहा मिनिटं चालवलं. मग इम्पेलर (थंड पाण्याच्या पंपातलं चाक) काढून ठेवला. तो महिनोन् महिने एकाच जागी दबून राहिला तर त्याची रबरी पाती वाकलेलीच राहतात.

२६ मे, सोमवार

मान्सून आज मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. ११ जूनच्या जागी २६ मे, नोंदी ठेवायला लागल्यापासून इतका लवकर कधी आला नव्हता. कुलाब्याचा मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ सालचा विक्रम मोडला. वरळीला आचार्य अत्रे चौक मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं. भरतीही दुपारच्या आत पावणेपाच मीटरची, त्यामुळे शहराचं पाणी समुद्रात जाईना.

मी गोदीत पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. बोटीवर ताडपत्री नव्हती. ती या आठवड्यात घालायची होती. कॉकपिटची एक मोरी झाडाच्या पानांनी बुजली होती आणि पाणी दाराच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. आत बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) वेगळं पाणी, ते डोलकाठीच्या आतून येतं. काठीच्या टोकाला दोर ज्या कप्प्यांतून जातात तिथून पाऊस आत शिरतो आणि थेट बोटीच्या पोटात उतरतो. पाण्यात असताना पंप ते काढतो. जमिनीवर बॅटरी नाही, पंप नाही.

उपाय तांडेलमामांनी सांगितला आणि तो फुकट आहे : तळातलं वेगमापकाचं छोटं चाक बाहेर काढायचं. तिथे दोन इंचाचं भोक मोकळं राहतं आणि आत येणारं सगळं पाणी आपोआप खाली जातं. भोकावर उंदीर येऊ नये म्हणून आतून स्टीलची जाळी. काढलेलं चाक आणि "भोक उघडं आहे" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद स्टिअरिंगला बांधला, बोट पाण्यात सोडताना कुणी विसरू नये म्हणून.

२८ मे, बुधवार

पाऊस थांबला तेवढ्यात तळ नीट पाहिला. प्रोपेलरच्या दांड्यावरचं झिंक (जस्ताचा तुकडा) अर्ध्याहून जास्त खाल्लं गेलं आहे. त्याचं कामच ते. ते खाल्लं जातं म्हणून प्रोपेलर वाचतो. एका हंगामात एवढं गेलं म्हणजे पुढच्या वेळी मधेच, फेब्रुवारीत, पाणबुड्याकडून बदलून घ्यावं लागेल.

काळजीची गोष्ट सीकॉकची, म्हणजे तळातून जाणाऱ्या पाइपांच्या चाव्यांची. सिंकचा सीकॉक चाकूच्या टोकाने खरवडला तर आतला धातू पिवळा नाही, गुलाबी. म्हणजे ते ब्राँझ नव्हे, साधं पितळ, आणि त्यातलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून गेलं आहे. उरलं ते सच्छिद्र तांबं, हातोडीचा हलका ठोका पडला तरी फुटेल. हा सीकॉक पाण्याच्या पातळीखाली आहे आणि त्याच्यावर माझी मुलं सहा महिने झोपत होती. हे वाचणाऱ्यांनी दुसरं काही केलं नाही तरी चालेल, पण आपल्या बोटीचा प्रत्येक सीकॉक खरवडून रंग बघा. पिवळा किंवा तपकिरी ठीक, गुलाबी दिसला की काढा. चारही बदलायचे ठरवले आहेत.

सुकाणूजवळ फायबरवर नाण्याएवढे काही फोड. ते फोडून दुरुस्त करायचा सल्ला एकाने दिला. आत्ता नाही. उघडलेलं फायबर महिनोन् महिने सुकावं लागतं आणि मुंबईच्या पावसाळ्यात ते सुकत नाही, उलट आणखी ओढून घेतं. ऑक्टोबरनंतर बघू.

१ जून, रविवार

बोट शाकारली. आजपासून राज्याची मासेमारी बंदी, त्यामुळे गोदीत शेजारी होड्याच होड्या आणि सगळीकडे हेच काम चाललेलं. पूर्वी झापं घालत, आता निळी ताडपत्री.

ताडपत्री थेट डेकवर टाकून बांधायची नाही, आत घाम सुटतो आणि बुरशी येते. आधी बांबूचा सांगाडा : बूमच्या (शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) उंचीवर एक आडवा, दोन्ही बाजूंना उतरते वासे. उतार इतका हवा की कुठेही पाणी साठणार नाही. साठलं तर त्याच्या वजनाने ताडपत्री फाटते. आम्ही २५० जीएसएमची (चौरस मीटरला २५० ग्रॅम) घेतली. शेजारच्या होडीवरची १२० जीएसएमची गेल्या आठवड्यातच चिंध्या झाली होती. पुढची आणि मागची बाजू उघडी ठेवली, वारा आरपार जाऊ दे.

दोर ट्रॉलीच्या चौकटीला बांधायचे, टेकूंना कधीही नाही. वाऱ्याने ताडपत्री फुगली की टेकू ओढून काढते आणि बोट आडवी होते. बांबूच्या टोकांना सायकलच्या जुन्या ट्यूब गुंडाळल्या.

आत : सगळे कप्पे उघडे, तळफळ्या उभ्या, एकही कापड नाही. दमट हवा शोषणारे क्षारांचे डबे मी आणले होते ते परत नेले. बंद खोलीत त्यांचा उपयोग होतो. वारा खेळत असलेल्या बोटीत ते आठवड्यात पाण्याने भरतात. दोन्हींपैकी एकच करता येतं, आणि या हवेत मी वाऱ्यावर विश्वास ठेवते. झुरळांसाठी बोरिक पावडर आणि कणकेच्या गोळ्या. उंदरांसाठी पाइपांच्या तोंडात स्टीलचा काथ्या.

८ जून, रविवार

खर्च. गोदीत ओढणं आणि ऑक्टोबरमध्ये सोडणं मिळून ३६,०००. जूनपासून चार महिन्यांचं जागाभाडं ३४,०००. १३ मेची वाया गेलेली मजुरी ४,५००, गाळाचा आमचा वाटा ४,०००. तळ धुणं ३,५००. ड्रमभर पाणी ६००. टेम्पो आणि सामानाची ने-आण ५,२००. तेल, फिल्टर, नवीन इम्पेलर ५,८००. ताडपत्री, बांबू, दोर ११,४००. एकूण १,०५,००० रुपये. सीकॉक, झिंक आणि रंग यात नाहीत.

यातले १३ तारखेचे पैसे वाचू शकले असते; बोट आधी पूर्ण रिकामी केली असती आणि रूळ ओहोटीला जाऊन बघितले असते, तर त्या पाण्यात जाऊच नये हे घरी बसूनच कळलं असतं.

मुलांना घरात झोप लागायला आठवडा गेला. खोली हलत नाही, अशी मुलाची तक्रार होती. मुलगी अजून रोज तक्ता बघते.

२९ जून, रविवार

महिन्याची पहिली तपासणी. भोकातून पाणी नीट जातंय, बिल्ज कोरडं. पुढच्या कप्प्याच्या दारावर हिरवट बुरशी, व्हिनेगरने पुसली; ते दार वाऱ्याने बंद झालं होतं, आता दोरीने उघडं बांधलं. ताडपत्रीचा एक दोर बांबूवर घासून अर्धा तुटलेला, नेमका तिथे ट्यूब सरकली होती. बॅटऱ्या घरी चार्ज केल्या; उन्हाळी-पावसाळी हवेत त्या महिन्यात बऱ्याच उतरतात.

पाण्यात सोडायची तारीख आत्ताच पाहून ठेवली. ऑक्टोबरमध्ये उलटं आहे : कोजागरीच्या सुमाराला चंद्र जवळ, म्हणजे पौर्णिमेचं उधाण जोरदार, आणि दिवाळीच्या अमावास्येचं ढिलं. ८ ऑक्टोबर, बुधवार, दुपारची भरती. मुंबईतून मान्सून परतायची सर्वसाधारण तारीखही तीच. पाऊस लांबला तरी ताडपत्रीखाली सीकॉक बदलून होतील. रंगाला मात्र कोरडे दिवस लागतील, म्हणून रंगवाल्यांना २५ सप्टेंबरपासून सांगून ठेवलं आहे. गाळ १ ऑक्टोबरला काढायचा, आणि गोदीवाल्यांनी तसं त्यांच्या वहीत माझ्यासमोर लिहून घेतलं.